लेझर गनने धातू तपासण्याआधी पृष्ठभाग कसा तयार करावा

एकाच प्लेटवर तीन जागी गन टेकवली आणि कार्बनचे तीन वेगळे आकडे आले, की पहिला संशय मशीनवर जातो. कॅलिब्रेशनवाल्याला फोन होतो, गाळ्याचा मालक कपाळाला आठ्या घालतो, खाली टेम्पो भरायचा थांबतो. मुंबईच्या दारूखाना भागापासून कळंबोलीच्या लोखंड बाजारापर्यंत माल तपासत फिरताना हे इतक्या वेळा पाहिलंय, की आता मी आधी गनकडे बघतच नाही. गनच्या नाकाखाली जी नखाएवढी जागा येते ती बघतो. घोटाळा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

हा लेख त्या नखाएवढ्या जागेबद्दल आहे. ही लेझर गन, म्हणजे लिब्स गन, हातात धरणाऱ्याला तो उपयोगी पडेलच, पण बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घेणाऱ्या वर्कशॉपवाल्यानेही वाचावा. समोरचा माणूस नीट काम करतोय की नुसता ट्रिगर दाबतोय, हे त्याला कळायला हवं.

लेझर नेमकं काय वाचतो

लिब्स म्हणजे लेझर-इंड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी. काही नॅनोसेकंदांचा लेझरचा ठोका साधारण केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर पडतो. तिथला धातू क्षणात वाफ होऊन उडतो, वाफेचा प्लाझ्मा (तापून विद्युतभारित झालेला वायू) होतो आणि त्याचं तापमान १०,००० अंशांच्या घरात जातं. तो निवताना प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश टाकतं. तांब्याची एक ठळक रेषा ३२४.७५ नॅनोमीटरला, ॲल्युमिनियमची ३९६.१५ ला, कार्बनची १९३.१ ला. गन या रेषांची तीव्रता मोजते आणि टक्केवारी सांगते.

तंत्र जुनं आहे. १९६० मध्ये मेमनने पहिला रुबी लेझर चालवला आणि दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, ब्रेक आणि क्रॉस यांनी लेझरने उडवलेल्या वाफेचा वर्णपट मांडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या मातीत गंधक ओळखलं, तेही लिब्सनेच.

आता यातली एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. एका ठोक्यात उडणारा थर साधारण एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आतबाहेर असतो. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज करा. म्हणजे २० एमएमची प्लेट असली तरी गन वाचते ती तिच्यावरची साय. त्या सायीत तेल असेल, गंज असेल, घासताना रुतलेला कण असेल, तर तो आकड्यात येणारच. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांवर चालणाऱ्या गनचा ठिपका काही मिलिमीटरचा असतो, त्यामुळे बारीकसारीक खाचखळगे त्यात सरासरीत मिसळून जातात. लिब्सचा ठिपका इतका छोटा, की त्याच्यासाठी साधा ओरखडासुद्धा दरी असते.

खडबडीत जागेवर आकडे का हलतात

समजा ठिपका १०० मायक्रॉनचा आहे. घासायच्या पेपरचा पी आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक: पी६० च्या पेपरवरचा दाणा सरासरी २७० मायक्रॉनचा, पी१२० चा १२५ चा, पी२४० चा ५८ चा. दाण्याएवढा रुंद ओरखडा पडत नाही, पण जाड दाण्याने ओढलेल्या रेषा ठिपक्याच्या मापाला भिडतात. मग एक शॉट उंचवट्यावर पडतो, दुसरा दरीत, तिसरा उतारावर, आणि तिन्हींचा प्लाझ्मा वेगळा होतो. बारीक दाण्याच्या आठ-दहा रेषा एकाच ठिपक्यात मावल्या, की प्रत्येक शॉटला साधारण तीच सरासरी मिळते. म्हणून खडबडीतपणाचा नुसता आरए आकडा (उंच-सखलपणाची सरासरी) विचारून भागत नाही. ओरखड्याची रुंदी आणि ठिपक्याचं माप यांचा मेळ बघावा लागतो. शिवाय आरए ही सरासरी असल्याने एखादा खोल खड्डा तिच्यात लपून जातो.

उताराचं गणित सोपं आहे. किरण तिरका पडला की ठिपका लांबट होतो आणि तीच ऊर्जा जास्त जागेवर पसरते. ३० अंशांच्या उतारावर जागा सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, ४५ अंशांवर ४१ टक्क्यांनी. तेवढ्याने प्लाझ्मा मंद पडतो आणि रेषा खाली येतात.

दरीत उलटं घडतं. दोन भिंतींमध्ये किरण आपटत राहतो, त्यामुळे धातू जास्त ऊर्जा शोषतो आणि प्लाझ्मासुद्धा कोंडला जाऊन जास्त तापतो. आरशासारख्या पॉलिशवर सुरुवातीची बरीच ऊर्जा परत जाते. १०६४ नॅनोमीटरच्या लेझरला लोखंड साधारण दोन तृतीयांश परतवतं, तांबं तर ९५ टक्क्यांहून जास्त. म्हणून चकाकी आली म्हणजे तयारी झाली, असं मी कधीच मानत नाही. सगळीकडे एकसारखी, मध्यम बारीक, एकाच दिशेने गेलेली घासाई मला चकाकीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

तीव्रता हलली तरी गन रेषांचं गुणोत्तर घेते, म्हणजे क्रोमियमची रेषा भागिले लोखंडाची रेषा, आणि बरीच गडबड त्यात निस्तरते. पण पूर्ण निस्तरत नाही. प्लाझ्माचं तापमान बदललं की सगळ्या रेषा सारख्या प्रमाणात चढत-उतरत नाहीत. गुणोत्तरावर भरवसा ठेवून गंजक्या प्लेटवर गन लावणारे इथेच फसतात.

तिसरी अडचण मुंबईची खास आहे. दऱ्यांमध्ये काहीतरी साठलेलं असतं. समुद्राच्या हवेतलं मीठ, ग्राइंडिंगची धूळ, कटिंग ऑइल, हाताचा घाम. उंचवटा पुसला जातो, दरी पुसली जात नाही. सोडियम आणि कॅल्शियमच्या रेषा लिब्समध्ये फार चटकन दिसतात. तुमच्या गनची तरंगलांबीची पट्टी तिथवर जात असेल तर सोडियमची ५८९ ची जोडी बघा, नाहीतर कॅल्शियमची ३९३.४ आणि ३९६.८ ची. पोलादाच्या वर्णपटात या रेषा ठसठशीत दिसल्या तर जागा अस्वच्छ आहे, बाकीचे आकडे लिहूच नका.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

पायरी १: वर काय चढलंय ते आधी विचारा

ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी माल कुठून आला, कसा बनला, हे विचारा. हॉट रोल्ड प्लेटवर काळी पपडी म्हणजे मिल स्केल असते, कित्येक दहा मायक्रॉन जाड. गॅल्वनाइज्ड पत्र्यावर २७५ ग्रॅमचं कोटिंग असेल तर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. क्रोम केलेल्या नळावर क्रोमचा थर मायक्रॉनच्या आतला, त्याखाली निकेल, त्याखाली पितळ. गन आधी क्रोम सांगेल, मग निकेल, आणि घाईत असलेला माणूस पितळेचा नळ स्टेनलेस म्हणून लिहून मोकळा होईल.

फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंट झालेल्या मालात आणखी एक फसवा थर असतो. भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो. हा कार्बन हरवलेला थर डोळ्यांना दिसत नाही आणि मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंत आत जाऊ शकतो. ईएन८ या मध्यम कार्बनच्या पोलादात ०.३६ ते ०.४४ टक्के कार्बन हवा, आणि वरवर घासून घेतलेलं रीडिंग त्याच्या बरंच खाली येतं. अशा वेळी अर्धा मिलिमीटर तरी आत जा आणि पुन्हा घ्या. आकडा चढला तर आणखी थोडं आत जा, स्थिरावेपर्यंत.

पायरी २: आधी तेल काढा, मग घासा

हा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो. तेलकट जागेवर डिस्क फिरवली तर तेल डिस्कमध्ये शिरतं आणि तीच डिस्क पुढच्या दहा पीसवर ते चोपडते. ॲसिटोन आणि स्वच्छ, कोरं फडकं घ्या. गॅरेजमधलं जुनं बनियन घेऊ नका, त्यात आधीच तेल मुरलेलं असतं. पुसून झाल्यावर पूर्ण वाळू द्या.

पायरी ३: डिस्क निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये ३१६एल या स्टेनलेस ग्रेडच्या फ्लँजचा (पाइप जोडायच्या चकत्यांचा) लॉट तपासायला बोलावलं होतं. एल ग्रेड म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर चालत नाही, साध्या ३१६ ला ०.०८ पर्यंत चालतो. पहिले चार फ्लँज ०.०३ च्या वर गेले. मालक म्हणाले, "साहेब, हा सगळा माल परत पाठवायचा का?" मी त्यांच्या मिस्त्रींना विचारलं, "दादा, कशाने घासलं?" त्यांनी मागच्या कट्ट्यावरचा काळा पेपर आणून दाखवला. सिलिकॉन कार्बाइड. त्या नावातच कार्बन आहे. पेपरचे कण पोलादात रुतले होते आणि लेझर त्यांच्यावरच पडत होता. नवीन झिर्कोनियाची (झिर्कोनियमच्या ऑक्साइडची) फ्लॅप डिस्क मागवली, तेच चार फ्लँज नव्या जागी घासले, आणि चारही मर्यादेच्या आत बसले. त्या दिवसापासून माझ्या बॅगेत डिस्क माझ्या मालकीच्या असतात.

नियम असा. डिस्कमध्ये जे आहे ते तुम्हाला मोजायचं असेल, तर ती डिस्क नको. कार्बन किंवा सिलिकॉन बघायचा असेल तर सिलिकॉन कार्बाइड टाळा. ॲल्युमिनियम बघायचं असेल तर ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) टाळा. पोलाद आणि स्टेनलेसमधल्या कार्बनसाठी झिर्कोनिया बरी, फक्त तो ग्रेड झिर्कोनियमवाला नसावा. ॲल्युमिनियममध्ये ६०६१ आणि ६०६३ हे ग्रेड वेगळे करताना तर फार जपा. ६०६३ मध्ये सिलिकॉन ०.२ ते ०.६, ६०६१ मध्ये ०.४ ते ०.८. मधला पट्टा दोघांचा, मॅग्नेशियमचा पट्टाही थोडा एकमेकांवर चढतो. त्यात काळ्या पेपरने सिलिकॉन भरलात तर निवाडा कशावर करणार?

एका धातूची डिस्क दुसऱ्याला लावू नका. एमएसवर (साध्या पोलादावर) वापरलेली डिस्क स्टेनलेसवर फिरली की लोखंडाचे कण तिथे रुततात. रीडिंग बिघडतं ते वेगळंच, पण मुंबईच्या दमट हवेत त्या जागेवर थोड्याच दिवसांत गंजाचे ठिपके उमटतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्या तपासणीने आमचा माल खराब झाला. मी डिस्कच्या पाठीवर मार्करने एसएस (स्टेनलेस), एमएस, निकेल असं लिहून ठेवतो. नागदेवी स्ट्रीटला डिस्क सहज मिळतात, दोन पैसे वाचवायला एकच डिस्क सगळीकडे फिरवू नका.

मऊ धातूंना डिस्कच नको. ॲल्युमिनियम, तांबं, शिसं यांच्यात दाणे रुततात आणि धातू फासला जातो. त्यांना स्वच्छ कानस मारा. लेथ हाताशी असेल तर कोरडं फेसिंग करून घ्या, कुलंट (थंड करायचं तेल-पाणी) बंद ठेवून.

पायरी ४: घासायचं कसं

पोलादासाठी पी६० ते पी१२० च्या दरम्यानची डिस्क मला पुरते. पपडी काढायला जाड, शेवटचे दोन-तीन हात बारीक. शेवटचे हात एकाच दिशेने आणि हलके. दाब जास्त दिला तर जागा पिवळी, मग निळी पडते. तो निळा रंग म्हणजे तापून चढलेला नवा ऑक्साइड, तुम्ही जुना थर काढून नवा चढवलात. निळं दिसलं की थंड होऊ द्या आणि पुन्हा हलकं घासा.

घासलेली जागा गनच्या नाकापेक्षा मोठी हवी, दोन-अडीच सेंटीमीटर तरी, म्हणजे गन सरकवून वेगवेगळ्या ठिकाणी शॉट घेता येतील. उजेडात तिरकं धरून बघा. काळे ठिपके उरले असतील तर त्या दऱ्या अजून भरलेल्या आहेत.

पायरी ५: घासल्यावर हात लावू नका

कार्बन बघायचा असेल तर घासलेल्या जागेला बोट नाही, फडकं नाही, ॲसिटोनही नाही. बोटाचं तेल म्हणजे कार्बनच, आणि ॲसिटोन वाळल्यावर मागे काही ठेवून जाऊ शकतं. धूळ कोरड्या स्वच्छ ब्रशने झटका. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असतं, ती मारू नका.

लगेच रीडिंग घ्या. पावसाळ्यात एमएसची प्लेट घासून चहाला गेलात तर परत येईपर्यंत तिच्यावर गंजाची पिवळसर झाक आलेली असते. मी जून ते सप्टेंबर एका वेळी एकच पीस घासतो आणि तिथल्या तिथे तपासतो. दहा पीस घासून रांग लावायची सवय उन्हाळ्यात चालून जाते, पावसात नाही.

पायरी ६: गन टेकवणं

१९३ नॅनोमीटरचा प्रकाश हवेतला ऑक्सिजन गिळतो, म्हणून कार्बनसाठी गन आर्गॉन सोडते. गनचं नाक आणि धातू यांच्यात फट राहिली की आर्गॉन निसटतो, हवा आत येते आणि कार्बनची रेषा पडते. खडबडीत जागेवर ही गळती होतेच, पण पाइपवर जास्त. १ इंची पाइपचा बाहेरचा व्यास ३३.४ एमएम. त्यावर १० एमएम रुंदीचं सपाट नाक ठेवलं तर कडेला जवळजवळ पाऊण मिलिमीटर फट राहते. ६ इंची पाइपवर, म्हणजे १६८.३ एमएमवर, तीच फट ०.१५ एमएम. छोट्या पाइपला घासताना थोडासा सपाट भाग करा, भिंतीची जाडी परवानगी देत असेल तरच, किंवा गनसोबत येणारा गोल मालाचा अडॅप्टर लावा.

फोकसचंही तेच. गन नाकापासून ठरलेल्या अंतरावर किरण एकत्र आणते. खोल खड्ड्यावर किंवा तिरक्या धरलेल्या गनमुळे ते अंतर बदललं की ठिपका फाकतो. दोन्ही हातांनी धरा, शॉट चालू असताना श्वास रोखून स्थिर राहा.

पायरी ७: सफाईचे शॉट

बहुतेक गन मोजायच्या आधी काही शॉट फक्त साफ करायला मारतात. किती मारायचे हे स्वतः एकदा शोधून ठेवा. एकाच जागी ३० शॉट घ्या, प्रत्येक शॉटची रेषा वेगळी बघा आणि कागदावर मांडा. सुरुवातीला कॅल्शियम, सोडियम, कार्बन वर असतात, मग घसरतात आणि कुठेतरी सपाट होतात. सपाटी जिथे सुरू होते त्याच्या आधीचे सगळे शॉट टाकून द्यायचे. स्टेनलेसवरचा नैसर्गिक ऑक्साइड काही नॅनोमीटरचा, तो पहिल्या शॉटलाच उडतो. मिल स्केल मात्र सफाईच्या शॉटने जाणार नाही, हिशोब सरळ आहे: शॉटला मायक्रॉनभर धरला तरी ३० शॉटमध्ये फार तर ३० मायक्रॉन. आणि एकाच खड्ड्यात फार खोल गेलात तर खड्ड्याच्या भिंतीच प्लाझ्मा कोंडू लागतात, आकडा पुन्हा सरकतो. ग्राइंडरचं काम ग्राइंडरनेच करा.

पायरी ८: किती रीडिंग, आणि फरक किती चालेल

एका रीडिंगवर माल पास किंवा नापास करू नका. किमान ५ घ्या, प्रत्येक वेळी गन उचलून नव्या जागी. सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा, विचलनाला सरासरीने भागून १०० ने गुणा. समजा क्रोमियमची सरासरी १७.० आली आणि विचलन ०.३४, तर फरक २ टक्के. स्वच्छ प्रमाणित नमुन्यावर (ज्यातली टक्केवारी आधीच पक्की माहीत असते) तुमच्या गनला नेहमी जो फरक येतो त्याच्या दुप्पट दिसला तर मी पुन्हा घासतो.

नवीन माणसाला शिकवताना मी एक प्रयोग हमखास करायला लावतो. ज्याचा ग्रेड पक्का माहीत आहे अशा प्लेटवर मार्करने चार पट्टे आखा. पहिला जसाच्या तसा, दुसरा पी६०, तिसरा पी१२०, चौथा पी२४०. प्रत्येकावर १० रीडिंग. चारही पट्ट्यांची सरासरी आणि फरक शेजारी लिहा. कोणत्या दाण्यानंतर आणखी घासून फायदा होत नाही, हे तुमच्या गनसाठी, तुमच्या हातासाठी त्या कागदावर दिसतं. दुपारभराचं काम आहे, पण कुठल्याही मॅन्युअलपेक्षा जास्त शिकवून जातं.

पायरी ९: प्रमाणित नमुनाही तसाच घासा

कॅलिब्रेशनचा ठोकळा आरशासारखा आणि माल ओबडधोबड, अशी तुलना खोटी. रोज सकाळी तपासायचा ठोकळा त्याच डिस्कने, त्याच हाताने, त्याच दिशेने घासा आणि मगच गन लावा. ठोकळा बरोबर आणि माल चुकीचा आला, तर आता दोष मालात शोधायला तुम्ही मोकळे.

तीन हट्टी धातू

शिशाचं पितळ. शिसं पितळेत विरघळत नाही, त्याचे बारीक थेंब आत विखुरलेले असतात. लेथवर टर्निंग करताना ते मऊ थेंब वर फासले जातात आणि शिसं खरं असतं त्याहून जास्त दिसतं. शिवाय जस्त ९०७ अंशांना उकळतं, तांबं २५०० अंशांच्याही वर, त्यामुळे लेझर जस्त आधी उडवतो. कीका स्ट्रीटला पितळेचे रॉड तपासताना मी टर्निंग केलेल्या बाजूवर भरवसा ठेवत नाही. आडवा काप घेऊन त्यावर कानस मारतो आणि शॉट जास्त घेतो.

बीड, म्हणजे कास्ट आयर्न. त्यातला कार्बन ग्राफाइटच्या पाकळ्यांत असतो. एक शॉट पाकळीवर, दुसरा लोखंडावर. कितीही सुंदर घासलं तरी कार्बनचा आकडा उड्या मारतो, आणि घासताना ग्राफाइट फासलाही जातो. बिडाचा कार्बन हवा असेल तर प्रयोगशाळेत नमुना जाळून मोजायच्या पद्धतीने करून घ्या.

ॲल्युमिनियमचं कास्टिंग. भोकं असतात, भोकांत वाळू आणि तेल. भोक टाळून शॉट घ्या, भिंगातून बघून.

डोळे

१०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, आणि घासलेला धातू आरशाचं काम करतो. त्या तरंगलांबीचा गॉगल लावा, समोर कुणाला उभं करू नका, नाक धातूवर पूर्ण टेकल्याशिवाय ट्रिगर नाही. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची घासलेली धूळ पेट घेते, ती ग्राइंडरखाली साठू देऊ नका.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

मी आकड्यांच्या वर एक ओळ लिहितो: पृष्ठभाग झिर्कोनिया पी८०, कोरडा, घासल्यावर ५ मिनिटांच्या आत, सफाईचे शॉट इतके, रीडिंग ५, जागा फ्लँजच्या बाहेरच्या कडेला. जागेचा फोटो जोडतो. दुसऱ्या कुणी पुढच्या महिन्यात तोच पीस तपासला आणि आकडा वेगळा आला, तर भांडण आधी या ओळीवरून सुटतं. रीडिंग झाल्यावर लेझरचा काळा ठिपका त्याच एसएसच्या डिस्कने हलक्या हाताने काढतो, तपासलेल्या जागेभोवती पेंट मार्करने गोल करतो, आणि मग टेम्पोवाल्याला सांगतो, भर आता.